पान्ह्याने दिलेला पुरावा

बाळंतपण झालेले नाही, मांडीवर तान्हे मूल नाही, तरी बाईला पान्हा फुटतो. पाळीही थांबते. १९५२ साली पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात डॉ. ज्याँ दिले आणि पिएर देनिकर यांनी मनोरुग्णांना क्लोरप्रोमझिन हे नवे औषध दिले. लवकरच ते जगभर पोहोचले. रुग्णांच्या कानातले आवाज शांत झाले. पण काही स्त्रियांच्या बाबतीत हा वेगळाच प्रकार दिसू लागला. मनोरुग्ण बाई ‘मला दूध येतंय’ म्हणाली, तर ऐकणाऱ्याला तोही भ्रमच वाटावा. पण तो भ्रम नव्हता.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दूध तयार करवते. गंमत अशी, की इतर संप्रेरकांना मेंदूकडून चालना लागते, प्रोलॅक्टिनला मात्र लगाम लागतो. तो लगाम म्हणजे डोपामिन. क्लोरप्रोमझिन डोपामिनचे काम अडवते आणि लगाम सैल होतो.

माणसात प्रोलॅक्टिन वेगळे असते की नाही, याबद्दलच १९७०पर्यंत शंका होती. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये अँड्र्यू फ्रँट्झ आणि डेव्हिड क्लाइनबर्ग यांनी ते रक्तात वेगळे दाखवले. मग संशोधकांनी या त्रासदायक परिणामाचीच चाचणी केली. क्लोरप्रोमझिन द्यायचे आणि ठरावीक वेळाने रक्त तपासायचे. निरोगी माणसात प्रोलॅक्टिन चढे. पीयूषिका किंवा तिच्यावरचा मेंदूचा भाग बिघडला असेल, तर ते फारसे हलत नसे. मनावरचे औषध असे ग्रंथीची परीक्षा घेऊ लागले. पुढे अधिक सोप्या चाचण्या आणि स्कॅन आले, तशी ही चाचणी मागे पडली.

त्यातून मिळालेली समज मात्र राहिली. डोपामिनसारखे काम करणारे ब्रोमोक्रिप्टिन १९७०च्या दशकात वापरात आले. अनेक स्त्रियांची पाळी परत सुरू झाली, काहींच्या घरी पाळणा हलला. आपल्याकडे मूल नसलेल्या बाईला काय काय ऐकावे लागते, हे श्रोत्यांना सांगायला नको. दोष तिच्या नशिबात नव्हता; कधी तो वाटाण्याएवढ्या ग्रंथीत होता, तर कधी रोजच्या गोळीत.

म्हणूनच प्रोलॅक्टिन वाढलेले दिसले, की जाणता डॉक्टर आधी विचारतो, “कोणती औषधे चालू आहेत?” या प्रश्नाचे उत्तर न लाजता द्यावे. मनोविकाराच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. सांगणाऱ्या बाईचे आधी नीट ऐकून घ्यावे, एवढेच या इतिहासाचे सांगणे आहे.