रानड्यांची नाशिकची बदली

सुधारणा म्हटलं की आपल्याला पुणं-मुंबई आठवतं. नाशिक म्हणजे रामकुंड, द्राक्षं आणि हल्ली वाइन. पण न्यायमूर्ती रानडे जन्मले आमच्याच जिल्ह्यात, निफाडला, १८४२ साली. आणि त्यांच्या घरातली सुधारणा पहिल्यांदा चारचौघांत दिसली तीही नाशकातच.

आधीची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, आणि रानडे त्या चळवळीतलं मोठं नाव. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. आता हा विधवेशी लग्न करणार, या धास्तीनं वडिलांनी घाईघाईनं अकरा वर्षांची मुलगी ठरवली. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे. नको म्हणाले, आणि शेवटी मुकाट्यानं बोहल्यावर चढले. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं.

कॉलेजात असताना मला याचा जाम राग यायचा. कायदा बाजूला असताना बापापुढे मान तुकवायची? आता तेवढा येत नाही. शंकराचार्यांशी भांडणं सोपं असतं हो, रात्री त्यांच्या पंक्तीला जेवायला बसायचं नसतं!

ती मुलगी म्हणजे रमाबाई. रानडे तिला स्वतः शिकवू लागले आणि घरात टोमणे सुरू झाले. त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९१० मध्ये आलं, जरूर वाचा. त्यात जाणवतं ते हे, की रोजचा छळ करणारे कुणी शास्त्रीपंडित नव्हते, घरातल्याच बायका होत्या.

मग १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली. पुण्यातलं ते घर मागे राहिलं. इथेच, नाशिक हायस्कुलातल्या समारंभात, रमाबाईंनी पहिलं जाहीर भाषण केलं. वय सोळा! भाषण नवऱ्यानंच लिहून दिलेलं, पण उभ्या त्या राहिल्या.

पुढे पुण्यात परतल्यावर १८८२ मध्ये त्या पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजात जाऊ लागल्या, आणि घरात पुन्हा तेच सुरू. नवरा तोच, बायको तीच.

असो. आमच्या टीममधल्या एकानं आंतरजातीय लग्न केलंय. बंगलोरला दोघं मजेत असतात. दिवाळीला नाशिकला येतात, तेव्हा तो एकटा घरी जातो. ती आमच्याकडे उतरते.