प्रौढांचा वाद्यमेळ

ज्ञातीच्या स्मरणिकेत अमेरिकेतील एका बँडचा इतिहास कशासाठी, असे वाचकबंधुभगिनींस वाटणे साहजिक आहे. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कपाटाच्या माथ्यावर कापडात गुंडाळलेली पेटी आहे, आणि तिचा विषय निघताच ‘आता या वयात?’ हे उत्तर ठरलेले आहे. त्या उत्तराचा ज्यांनी फेरविचार केला, त्यांची ही हकीकत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील लहानसहान गावांतूनही बँड असत. वाजविणारे बहुधा हौशी; दिवसा दुकान वा कारखाना सांभाळावयाचा आणि सायंकाळी कॉर्नेट हाती घ्यावयाचे. १९०६ साली सुप्रसिद्ध बँडनायक जॉन फिलिप सूझा यांनी लेख लिहून ग्रामोफोनवर कडाडून टीका केली. यंत्र गाऊ लागले म्हणजे मनुष्य स्वतः गाणे-वाजविणे सोडील, ही त्यांची भीती. (सूझांच्या बँडच्या ध्वनिमुद्रिका बाजारात खपत होत्या, ही गोष्ट निराळी!) पुढे रेडिओ आला, बोलपट आले आणि गावोगावचे बँड ओसरले.

वाद्य मात्र नाहीसे झाले नाही; ते शाळेत गेले. १९२३ साली शिकागो येथे शालेय बँडांची राष्ट्रीय स्पर्धा भरली, तिला वाद्यनिर्मात्यांचे पाठबळ होते. प्रौढ गिऱ्हाईक तुटत चालले असता व्यापाऱ्यांची दृष्टी मुलांकडे वळावी, यात नवल नाही. शालेय बँड पुढे फार वाढले. परंतु शाळा सुटली की बहुतेकांचा बँडही सुटे. क्लॅरिओनेट पेटीत बंद होई ते कायमचेच. काही गावांत नागरिकांचे बँड टिकून होते, पण ज्याने बालपणी वाद्य हाती धरले नाही त्यास तेथे कोण विचारणार?

कोडॅक कॅमेऱ्यांचे जनक जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून रॉचेस्टर येथे उभ्या राहिलेल्या संगीत विद्यालयात रॉय अर्न्स्ट हे प्राध्यापक होते. त्यांनी १९९१ साली ‘न्यू होरायझन्स’, म्हणजे ‘नवी क्षितिजे’, या नावाचा बँड काढला. तो पन्नाशी उलटलेल्यांसाठी होता. प्रवेशपरीक्षा नव्हती, पूर्वी शिकून विसरलेला आणि वाद्यास कधीच न शिवलेला, दोघांसही जागा होती. शिकविण्यास विद्यालयातील विद्यार्थी असत. नातवाच्या वयाच्या गुरूपुढे बसून चुकीचा स्वर काढावयाचा, हे ज्याने आयुष्यभर कचेरी चालविली त्यास सोपे नव्हे! शिवाय फुंकीच्या वाद्यास ओठांची ताकद लागते, दम लागतो. कवळी असली तर ओठांची ठेवणच नव्याने बसवावी लागते. म्हणूनच अर्न्स्टांचे धोरण असे की, ज्याच्याकडून जेवढे उत्तम होईल तेवढे पुरेसे मानावे. जाणकारांच्या कानास हे खटकेल. मलाही प्रथम खटकले. पण परिपूर्णतेची अट घातली असती तर त्या खोलीत कोणी पाऊलच टाकले नसते.

अमेरिकेत व कॅनडात पुढे अशा अनेक मंडळ्या निघाल्या. शाळेच्या समारंभात मुले वाजवितात आणि वडीलधारी टाळ्या देतात. येथे हा क्रम उलटला.

आपल्या कार्यकारी मंडळास माझी एक विनंती आहे. पुढील स्नेहसंमेलनात अर्धा तास पन्नाशी उलटलेल्या शिकाऊ वादकांसाठी राखून ठेवावा. पेटीचा भाता दुरुस्त करून घेण्यास अद्याप पुरेसा अवधी आहे.