समुद्राचा मासा आणि घाटावरचें स्वयंपाकघर



पुणें-सातारा रस्त्यावर, नीरेच्या कांठीं शिरवळ नांवाचें माझें गांव आहे. इतिहासाच्या वाचकांस तें सुभानमंगळ गढीमुळें ठाऊक असेल. १६४८ सालीं शिवाजी महाराजांनीं विजापूरच्या फौजेशीं जो सामना दिला, त्यांत ह्या गढीचें नांव येतें. येथून समुद्र सरळ रेषेंत सुमारें १०० किलोमीटर दूर, आणि मध्यें सह्याद्री उभा. अशा गांवच्या निवृत्त मास्तरानें समुद्राच्या ताज्या माशाविषयीं बोलावें, ह्याचें कोणास हंसूं येईल. परंतु अलीकडे आमच्या बाजारांत बर्फांत घातलेले बांगडे, सुरमई, पापलेटें येऊं लागलीं आहेत. शेजारपाजारच्या सुना तीं हौसेनें घेतात, आणि घरीं नेऊन त्यांवर आमच्या पद्धतीचें कांदा-लसणीचें लाल वाटण असें कांहीं चढवितात कीं, पातेल्यांत सुरमई आहे कीं सुका बोंबील आहे, हें काट्यावरूनच ओळखावें. ह्यांत त्यांचा दोष नाहीं. ही संवय आम्हां घाटावरच्या लोकांच्या हातीं इतिहासानेंच दिलेली आहे. ती कशी दिली, किनाऱ्यावरचीं माणसें ताजा मासा किती साधेपणानें शिजवितात, आणि त्यांच्यापासून आपण काय घ्यावें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

देशावर समुद्राचा मासा फार पूर्वींपासून येत आला आहे. पण तो वाळून किंवा खारून. ही रीत केवळ आपलीच नव्हे. पंजाबांत हडप्पा येथील उत्खननांत समुद्रांतील शिंगाळ्याच्या जातीच्या माशांचीं हाडें सांपडलीं आहेत. तेथून समुद्र ८०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वीं तेवढ्या अंतरावर मासा ताजा पोंचणें शक्य नव्हतें. तो वाळवून किंवा खारवूनच नेला असला पाहिजे, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. हडप्पाच्या गृहिणीची अडचण आणि शिरवळच्या गृहिणीची अडचण एकच होती म्हणावयाची.

आपल्याकडे घाट चढून येणाऱ्या मालांत मिठाला मोठा मान. मीठ ही राज्यकर्त्यांनींही लक्ष घालण्याजोगी वस्तु होती. १६७१ सालीं शिवाजी महाराजांनीं कुडाळच्या सुभेदारास पाठविलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यांतील बारदेशचें मीठ स्वस्त पडूं लागलें, तेव्हां त्यावर जबर जकात बसवावी, म्हणजे संगमेश्वराकडील आपल्या मिठाचा व्यापार बुडणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. महाड हें सावित्री नदीवरील जुनें बंदर. तेथून वरंध्याच्या घाटानें भोर आणि भोरावरून शिरवळ, अशी वाट आहे. बैलांच्या पाठीवर मीठ वर येई व धान्य खालीं उतरे. त्याच वाटांनीं सुकट, बोंबील आणि सोडे देशावर आले. हा माल चार दिवस उशिरा पोंचला तरी बिघडत नसे.

ह्या मालावरून आमची पाककला बनली. सुकट तव्यावर कोरडी भाजावी, पाखडून तिचा भुगा काढावा, मग तेलांत कांदा, लसूण आणि लाल तिखट परतून तींत मिसळावी, वर भाकरी. सुके बोंबील निखाऱ्यावर भाजून त्यांचें वाटणांत कालवण करावें. वाळलेल्या माशाचा वास उग्र असतो, आणि उग्र वासाला उग्र मसालाच धरून ठेवतो. ह्या रीतीची थट्टा करूं नये. माझ्या आईच्या हातची सुकट खाऊनच मी वाढलों, आणि आजही पावसाळ्यांत ती मला मेजवानीसारखी वाटते. चूक होते ती पुढें: वाळलेल्या माशाचा नियम आपण न विचारतां ताज्या माशाला लावतों.

मसाल्याचा भडिमार म्हणजेच पूर्वापार रीत, असेंही कोणी समजूं नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, असा उल्लेख ज्यांत आहे तोच हा ग्रंथ. त्यांत समुद्रांतले मासे व नदींतले मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, असे भेद करून सुमारें ३५ जातींची माहिती दिली आहे, आणि राजाच्या मुदपाकखान्यांत ते कसे शिजत हेंही सांगितलें आहे. तुकडे करून स्वच्छ धुवावे, चिंचेच्या कोळांत शिजवावे, गव्हाचें पीठ लावून तेलांत तांबूस तळावे, आणि वरून सैंधव, वेलदोडा व मिरीं ह्यांची पूड भुरभुरावी, अशी त्यांतली एक कृति आहे. ह्यांत लाल मिरची नाहीं, कारण ती त्या वेळीं हिंदुस्थानांत नव्हतीच. मिरची अमेरिकेंतली, पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवा घेतल्यानंतरच्या काळांत ती आपल्याकडे रुजली. म्हणजे ज्या तिखटावांचून मासा शिजतच नाहीं असें आपण समजतों, तें आपल्या चुलीवर जुन्या मानानें कालचेंच आहे. आंबट, खारट आणि स्वच्छ धुणें, हा मात्र त्या राजाचा व आजच्या कोळणीचा समान वारसा.

राजाच्या पंक्तींतून आतां गरिबाच्या पानाकडे येऊं. जॉन फ्रायर नांवाचा इंग्रज वैद्य १६७३ सालीं मुंबईस उतरला. माझगांव हें कोळ्यांचें मोठें गांव असून तेथील बोंबील हा गरिबांचा आधार आहे, अशी नोंद त्यानें करून ठेविली आहे. अशा घरांत मसाल्याची चैन कोठून असणार? पण त्याची त्यांना गरजही नव्हती, हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं. तें एका बाईनें शिकविलें.

माझ्या नोकरीचीं पहिलीं वर्षें दापोली तालुक्यांत, हर्णै बंदराजवळच्या एका गांवीं गेलीं. हर्णैस दुपार टळली म्हणजे होड्या लागतात आणि वाळूवरच माशांचा लिलाव चालतो. मी ज्या घरीं राहात असें तेथील वृद्ध कोळीण मला जेवण करून घाली. पहिल्याच दिवशीं बांगड्याचें फिकट कालवण पाहून मीं विचारलें, “मावशी, मसाला संपला काय?” ती म्हणाली, “गुरुजी, मासा आत्तां होडींतून उतरलाय. त्याला मीठ पुरं. मसाला शिळ्याला लागतो.” त्या वेळीं मला तें अपुरें वाटलें. चार घांस खाल्ल्यावर मीं बोलणें बंद केलें.

तिच्या रीतींपैकीं चार येथें सांगतों. कोणत्याही शहरी घरांत त्या करतां येण्याजोग्या आहेत.

पहिली बांगड्याची. चार बांगडे साफ करून त्यांचे तुकडे करावे, मीठ व हळद लावावी. मातीच्या किंवा जाड बुडाच्या भांड्यांत सहा-सात आमसुलें, थोडें तिखट, आणि आठ-दहा तिरफळें घालावीं. तिरफळाच्या आंतली काळी बी कडू असते, ती आधीं काढून टाकावी व साल जराशी ठेंचावी. वाटीभर पाणी घालून झांकण ठेवावें आणि मंद आंचेवर आठ-दहा मिनिटें शिजवावें. डाव घालून ढवळूं नये. भांडेंच दोन्ही हातांनीं धरून हालवावें. उतरल्यावर चमचाभर खोबरेल कच्चेंच सोडावें. दक्षिण कोंकणांत ह्याच धर्तीच्या पदार्थास तिखलें म्हणतात.

दुसरी तळण्याची. सुरमईच्या किंवा पापलेटाच्या तुकड्यांना मीठ, हळद व आमसुलाचा आगळ लावून पाव तास ठेवावें. मग तांदुळाच्या पिठांत घोळून तव्यावर थोड्या तेलांत मध्यम आंचेवर भाजावें. एका बाजूस तीन-चार मिनिटें, आणि एकदांच उलटावें. वारंवार उलटला म्हणजे मासा फुटतो.

तिसरी पानांतली. मांदेलीसारख्या लहान माशांना हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर व मीठ ह्यांचा ठेंचा चोळावा, केळीच्या पानांत गुंडाळून तव्यावर ठेवावें, वर झांकण घालावें. पान दोन्ही अंगांनीं करपलें कीं मासा झाला. ह्याला तेलाचा थेंब लागत नाहीं.

चौथी साराची. डोकें व काटे टाकून न देतां पाणी, हिरवी मिरची, ठेंचलेलें आलें व आमसूल घालून त्यांना उकळी आणावी, गाळून घ्यावें, आणि शेवटीं नारळाचें दूध घालावें. दूध घातल्यावर पुन्हां उकळूं नये, तें फाटतें.

अशा गोष्टी सुशिक्षित घरांत पुस्तकरूपानें शिरल्या त्याही बायकांच्याच हातून. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हें पुस्तक १९१० सालीं निघालें. मुंबईच्या पाठारे प्रभु घराण्यांतल्या ह्या बाईंनीं मांसमत्स्याच्या पदार्थांनाही त्यांत मानानें जागा दिली.

आतां माझ्या एका अपराधाची हकीगत सांगणें भाग आहे. एका मे महिन्यांत सुटीला घरीं येतांना, आईला ताजी सुरमई खाऊं घालावी म्हणून मीं ती सकाळीं बंदरावर घेतली आणि बर्फ न घालतां एका झांकणाच्या डब्यांत भरली. वाटेंत गाडी नादुरुस्त झाली. घाटाखालीं उन्हांत चार तास गेले. शिरवळास पोंचेपर्यंत रात्र पडली. डबा उघडतांच वास शंकेचा वाटला, पण एवढ्या लांबून आणलेली वस्तु टाकवेना. “भरपूर मसाला घाल आणि चांगली उकळ, म्हणजे कांहीं होत नाहीं,” असें मींच आईस सांगितलें. जेवून तासही झाला नसेल, तों आईचा व बहिणीच्या लहान मुलाचा चेहरा लालभडक झाला, अंगावर गांधी उठल्या, डोकें ठणकूं लागलें, मुलाला ओकाऱ्या सुरू झाल्या. गांवच्या डॉक्टरांनीं रात्रभर बसून औषध दिलें. दुसऱ्या दिवशीं दोघें बरीं झालीं; पण ती रात्र मी विसरलों नाहीं.

ह्याचें शास्त्र मला पुढें कळलें. सुरमई, बांगडा, तारली, कुपा ह्या जातींच्या मांसांत हिस्टिडीन नांवाचें द्रव्य विपुल असतें. मासा उष्ण हवेंत राहिला कीं सूक्ष्म जंतु त्याचें हिस्टामीन बनवितात, आणि हें हिस्टामीन कितीही उकळलें तरी नाहींसें होत नाहीं. मसाला वास झांकतो, विष झांकत नाहीं. मावशीचें म्हणणें मला त्या दिवशीं पुरतें समजलें. साधेपणा हा किनाऱ्यावर केवळ चवीचा प्रश्न नाहीं; ज्या माशाला नुसतें मीठ व आमसूल लावून खातां येतें, तो निर्दोष असलाच पाहिजे. साध्या रीतींत शिळा मासा लपत नाहीं.

म्हणून पारख आधीं, पाककृति मागून. डोळे फुगीर व चकचकीत असावे, खोल गेलेले नसावे. कल्ले उघडून पाहावे. ते लाल असावे, तपकिरी नसावे. अंग बोटानें दाबलें असतां खळगा लगेच भरून यावा. वास समुद्राचा असावा, नाकास झोंबणारा नसावा. दुकानदार कल्ले पाहूं देत नसेल, तर पुढें चालूं लागावें.

अंतर जिंकण्याचा प्रयत्न माणसानें कसा केला, हेंही थोडक्यांत पाहूं. १८३३ सालीं अमेरिकेंतून जहाजानें बर्फ कलकत्त्यास आला, आणि पुढें मुंबईसही येऊं लागला. १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली आणि १८६३ सालीं बोरघाट ओलांडून मुंबई-पुणें मार्ग सलग झाला. पुढचा मिरजेचा लोहमार्ग लोणंदावरून गेला. शिरवळला आगगाडी आली नाहीं. आम्हांस समुद्राचा मासा मिळाला तो अलीकडे, मोठ्या रस्त्यानें आणि बर्फाच्या पेट्यांतून. पण बर्फानें अंतर कमी होतें, नाहींसें होत नाहीं. पेटींतला बर्फ वाटेंत वितळला कीं आपण पुन्हां माझ्या त्या डब्यापाशींच येऊन पोंचतों. घेतलेला मासा उन्हांत मिरवूं नये, थेट घरीं आणावा, साफ करून लगेच थंड जागीं ठेवावा, आणि शक्य तर त्याच दिवशीं शिजवावा.

आणि ताजा मिळत नसेल तेव्हां हट्ट धरूं नये. पावसाळ्यांत मासे अंडीं घालतात. कोळी लोक नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून मग होड्या लोटीत, आणि आतां कायद्यानेंही जून-जुलैमध्यें यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. ते दिवस सुकटीचे आहेत. त्या वेळीं कांदा, लसूण, लाल तिखट ह्यांचा हात मोकळा सोडावा; तो आपल्या घाटाचा वारसा आहे. मात्र पौर्णिमेनंतर चांगला बांगडा हातीं आला, तर एकदां तरी मसाल्याचा डबा फळीवरच राहूं द्यावा आणि मीठ व आमसूल एवढ्यावरच भागवून पाहावें. मावशी आज हयात नाहीं. परंतु माझ्या घरीं बांगडा शिजतो तो तिच्याच रीतीनें, आणि माझी सून तो आतां माझ्यापेक्षां चांगला करते.