पुळण, मांडवी आणि वेळ

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या कर्वेनगरातल्या इमारतीत मला एक प्रश्न हमखास येतो. "रत्नागिरीला चाललोय तीन दिवस. काय काय बघायचं हो?" माझं माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे हा मान माझ्याकडे आहे आणि मला तो आवडतो. यंदा खालच्या मजल्यावरच्या काकू वही घेऊनच आल्या. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. शेवटी त्यांनी यादी वाचून दाखवली: "मांडवी बीच, भाट्ये बीच, आरे-वारे बीच, गणपतीपुळे बीच." मी एकदाही बीच म्हटलं नव्हतं. मी पुळण म्हटलं होतं. काकूंना तो शब्द ऐकू आला होता, पण ओळखीचा नव्हता, म्हणून त्यांनी जवळचा शब्द लिहिला. त्या रात्री मी कोश काढून बसले.

पुळण हा संस्कृत पुलिनाचा मराठी अवतार आहे. पुलिन म्हणजे पाण्याकाठची वाळूची जागा, मग ते पाणी नदीचं असो की समुद्राचं. कोकणात नद्या आखूड आणि समुद्र लांब, म्हणून तिथे तो शब्द समुद्राकडे गेला आणि तिकडचाच झाला. गणपतीपुळ्यातलं पुळे या पुळणीतूनच आलेलं. देवळासमोर पसरलेल्या वाळूवरून गावाला नाव पडलं. तेव्हा 'गणपतीपुळे बीच' म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा म्हणतो, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत.

काकूंना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की पुळण तुम्हाला नवी असेल, पण तिची घाटावरची बहीण तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. ती म्हणजे वाळवंट. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी नाचतात, तिथे उंट नसतात. वाळवंट म्हणजे नदीकाठची मोकळी वाळू, हाच अर्थ वारीच्या भाषेत आजही जिवंत आहे. राजस्थानातल्या निर्जल मुलखाला वाळवंट म्हणू लागल्यावर तो अर्थ इतका मोठा झाला की शाळेतल्या मुलांना चंद्रभागेचं वाळवंट समजावून सांगावं लागतं. पुळणीचं दुखणं याच्या उलट आहे. तिचा अर्थ कुणी पळवला नाही, तिची जागाच दुसऱ्या शब्दाने घेतली.

यावर कुणी म्हणेल, किनारा आहेच की. आहे, पण किनारा फारसीतून आलेला शब्द असून त्याचा अर्थ कड, काठ एवढाच. साडीलाही किनार असते. समुद्राची कड कशाची आहे, हे किनारा सांगत नाही. चौपाटी हा शब्द मुंबईने दिला. गिरगावात समुद्राला मिळणाऱ्या चार पाटांवरून तो आल्याचं जुने नोंदकार सांगतात. तो एका ठिकाणाचा शब्द सगळ्या महाराष्ट्रभर फिरला, आणि जिथे चार काय, एकही पाट नाही तिथेही आज चौपाटी आहे. दर्या मूळ फारसीत नदीलाही म्हणतात. आपल्याकडे तो सरळ समुद्र झाला.

माझे वडील पाहुण्यांना रत्नागिरी सांगताना या कडेचे प्रकार सांगत. इथे पुळण आहे, पोरांना खेळू द्या. तिथे खडक आहे, कालवं बघायची असतील तर ओहोटीला जा, पण चपला घालून. पलीकडे खाजण आहे, हिरवं दिसतं म्हणून उतरू नका, गुडघाभर चिखल आहे. आणि ती खाडी, तिथे पोहायचं नावही काढू नका, ओढ असते. चार शब्द, आणि त्या प्रत्येकाच्या पोटात एक सूचना. 'बीच'मध्ये हे चारही एकसारखे होऊन जातात. परक्या शब्दांशी माझं भांडण नाही. बंदर फारसी आहे, आणि भाट्याच्या पुळणीवर ज्या सुरूच्या झाडांखाली सावली मिळते त्या सुरूचं नावही फारसी सर्व या शब्दातून आलेलं. फारसीत ते एका उंच निमुळत्या झाडाचं नाव. आपल्याकडे सातासमुद्रापलीकडून आणून लावलेल्या, दिसायला तशाच झाडाला आपण ते नाव दिलं. अशा शब्दांनी मराठीत भर घातली. बीचने मात्र माहिती वजा केली.

यादीतली मांडवी मला सर्वांत प्रिय. रत्नागिरीकर पाहुण्याला संध्याकाळी पहिल्यांदा मांडवीवर नेतात, जेटीच्या टोकापर्यंत चालवतात, भेळ खायला घालतात. पण मांडवी एकट्या रत्नागिरीची नाही. मुंबईत बंदरालगत मांडवी आहे, पणजीला वळसा घालणारी नदी मांडवी आहे, कच्छमध्ये जहाजं बांधणारं गाव मांडवी आहे. सगळ्या पाण्याकाठी कशा? मंडप म्हणजे मांडव, आणि लहान मंडप ती मंडपिका. जुन्या कोरीव लेखांत मंडपिका म्हणजे जकात घेण्याची जागा. माल उतरला की मांडवाखाली बसलेला अधिकारी तो मोजणार, कर घेणार. त्या मांडवाची मांडवी झाली. आणि माल जिथे उतरतो तिथे बाजार भरतोच, म्हणून हिंदीतली मंडी आणि आपली मंडई याच घराण्यातल्या. पुण्याची मंडई 1886 साली उघडली, तिच्या अष्टकोनी शिखराखाली भाजी घेणाऱ्याला समुद्र दिसत नाही, पण शब्दाच्या नात्याने तो मांडवीवरच उभा असतो. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत मांडवीपुढचं बीच खोडलं. माझा दिवस सत्कारणी लागला.

रत्नागिरीतल्या मांडवीच्या वाळूचा रंग काळसर, म्हणून गावात तिला काळा समुद्र म्हणतात. मिऱ्याच्या बाजूला वाळू उजळ, तो पांढरा समुद्र. पाणी दोन्हीकडे एकच. पायाखाली काय आहे त्यावरून समुद्राला नाव देणारी ही माणसं मला फार शहाणी वाटतात, कारण पाण्याचा रंग आभाळाबरोबर तासातासाला बदलतो, वाळूचा बदलत नाही. दोन्हींच्या मधे रत्नदुर्ग, तीन बाजूंना समुद्र घेऊन बसलेला. त्याला गावकरी किल्ल्याच्या नावाने कमी आणि देवीच्या नावाने जास्त ओळखतात, भगवती.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर यादीत असतंच. आळी म्हणजे ओळ, संस्कृत आली, घरांची रांग. पुण्यात बोहरी आळीत भांडी घ्यायला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

थिबा पॉइंटचं तसं नाही. तिथून भाट्याची खाडी, काजळी नदीचं मुख आणि मावळतीचा सूर्य एका नजरेत येतात. पॉइंट हा शब्द महाबळेश्वराहून सगळ्या महाराष्ट्रात पोचला आणि मराठी झाला, त्याला माझी ना नाही. पण थिबा कोण? ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1885 साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, 1886 मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, 1910 मध्ये त्याच्यासाठी वाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये तो तिथेच वारला. ब्रह्मदेशात राजपुत्रांना त्यांच्या जहागिरीच्या गावावरून ओळखत. थिबो हे शान डोंगराळ मुलखातलं असंच एक गाव. म्हणजे आपण संध्याकाळी रिक्षावाल्याला 'थिबा पॉइंट' म्हणतो तेव्हा हजार मैलांहून दूरच्या एका डोंगरी गावाचं नाव उच्चारतो. राजाला तिकडे परत जाता आलं नाही, त्याच्या गावाचं नाव मात्र कोकणी होऊन राहिलं.

यादीत अलीकडे एक नवा शब्द आला आहे, कातळशिल्प. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, प्राचीन माणसांनी कोरलेले हत्ती, मासे, माणसं, चौकटी. उक्षी, देवूड, कशेळी, बारसू अशा कितीतरी गावांच्या सड्यांवर ती आहेत, आणि 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कातळ आणि शिल्प हे दोन्ही शब्द जुनेच, जोड नवी. पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळते आणि गुराख्याच्या तोंडी सहज बसते. नवा शब्द कसा करावा याचा हा उत्तम नमुना आहे.

आता ज्याच्यासाठी ही यादी, त्या पाहुण्याकडे येते. पाहायला येतो तो पाहुणा, अशी व्युत्पत्ती मला लहानपणी कुणीतरी सांगितली होती आणि ती गोड असल्यामुळे मी बरीच वर्षं जपली. ती खरी नाही. संस्कृतात प्राघुण, प्राघूर्णक असे शब्द आहेत, प्राकृतात पाहुण, आणि त्यातून पाहुणा. कोशकार त्याचं नातं घूर्ण् या धातूशी, म्हणजे गरगर फिरण्याशी, जोडतात. तेव्हा पाहुणा हा मुळात भटकत आलेला माणूस. पर्यटनातही अट् धातू आहे, तीर्थाटनात आणि भिक्षाटनात आहे तोच. अर्थ पुन्हा फिरणं. या सगळ्यात पाहणं हे फिरण्याच्या मागून येतं. कोकणात मात्र फिरून आलेला प्रत्येक जण पाहुणा नसतो. गणपतीला आणि मे महिन्यात मुंबईहून येतो तो चाकरमानी, आणि त्याला कुणी यादी देत नाही. त्याला विहिरीतला गाळ काढायला बोलावतात.

आम्हा कर्वेनगरकरांचा तर समुद्राशी नावाचाच संबंध आहे. धोंडो केशव कर्वे मुरुडचे. जंजिऱ्याचं मुरुड नव्हे, दापोलीजवळचं, समुद्रकाठचं. त्यांनी विधवांसाठीचा आश्रम 1900 साली इथे हिंगण्याला आणला, तेव्हा हे पुण्याबाहेरचं रान होतं. या भागाचं जुनं नाव हिंगणे बुद्रुक, आणि मुठेपलीकडे हिंगणे खुर्द. बुद्रुक म्हणजे फारसीतलं बुजुर्ग, थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. थोरल्या हिंगण्याचं नाव मागे पडलं आणि समुद्राकाठच्या एका माणसाचं नाव त्या जागी आलं. नावं बदलतात, आणि इथे बदललं ते योग्य माणसासाठी बदललं.

माझ्या यादीच्या शेवटी मी दोन गोष्टी सांगते. पहिली, उन्हाचं पुळणीवर जाऊ नका. आपल्या भाषेत ऊन हा शब्द उष्णापासून आलेला, ऊन ऊन भातातला आणि अंगणातल्या उन्हातला तो एकच. सूर्यप्रकाश आणि चटका यांत मराठीने फरक केलेला नाही, आणि डिसेंबरातही दुपारी बाराला अनवाणी पुळणीवर उतरलेल्या माणसाला तो का केला नाही हे लगेच समजतं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संस्कृतात वेला म्हणजे समुद्राचा काठ, वेला म्हणजे भरती, आणि वेला म्हणजे काळसुद्धा. मराठीने त्यातली वेळ घेतली आणि समुद्र सोडून दिला. किनाऱ्यावरच्या माणसाने सोडला नाही. त्याचं घड्याळ भरती-ओहोटीचं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी चढतं ते उधाण, अष्टमीच्या सुमाराला मंदावतं तो भांग. आणि भरतीची वेळ काढायचा त्याचा हिशेब तोंडी आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणून सहाला भरती आणि भर दुपारी ओहोटी. आता संकष्टी घ्या. चतुर्थीला चाराचे पाऊण तीन. गणपतीपुळ्याला संकष्टीला गर्दी लोटते, लोक सकाळी दर्शन घेतात, जेवतात आणि दुपारी पाण्यात उतरतात, नेमकं त्या वेळी पाणी तीनच्या भरतीकडे चढत असतं. सकाळी कोरडी असलेली वाळू पायाखालून सरकते, आणि पोहता न येणाऱ्या माणसाला ते कळेपर्यंत उशीर होतो. त्या पुळणीवर माणसं बुडाली आहेत.

तेव्हा रत्नागिरीला जाल तेव्हा फोनमधली यादी जरूर बघा, पण निघण्याआधी कालनिर्णयात तिथी बघा. पाण्यात उतरण्याआधी पुळणीवर जाळं विणत बसलेल्या एखाद्या आजोबांना विचारा, "आजोबा, आज भरती कधी?" आणि ते "नको" म्हणाले तर उतरू नका.