गोदावरीचा सोडून दिलेला जलमार्ग

विदर्भाच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे भोसल्यांचीं मोडी दप्तरें, ताम्रपट आणि शिलालेख हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. इंग्रजी अमदानींतील एखादा कालवा त्या पंक्तीस बसवावा, असें सहसा कोणास वाटत नाहीं. प्रस्तुत लेखकानें शाळेंत अनेक वर्षें मुलांकडून गोदावरीच्या उपनद्या घोकून घेतल्या. पण त्याच नद्यांवरून नागपूर प्रांताचा कापूस समुद्रास पोंचविण्याचा केवढा उद्योग झाला होता, हें त्यानेंही कधीं सांगितलें नाहीं. त्या उणिवेची ही अल्पशी भरपाई.

वर्धा व वैनगंगा ह्यांच्या संगमापासून पुढें नदीस प्राणहिता म्हणतात. ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. हा जलमार्ग थेट पूर्व किनाऱ्यास जातो, हें हेरून सर आर्थर कॉटन ह्यांनीं त्यावरून नौका चालविण्याचा आग्रह धरिला. धवळेश्वरम् येथील त्यांचा बंधारा १८५२ सालीं पुरा झाला होता, व त्याचे कालवे शेतीस पाणीही देत आणि नौकाही वाहत. वरच्या अंगास मात्र खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुमगुडेम, इंद्रावतीच्या संगमाजवळील एंचमपल्ली, आणि प्राणहितेवरील देवलमरी. अडथळ्याच्या बाजूनें कालवा काढावा, त्यांत दोन्ही टोकांस दरवाजे असलेलीं कुंडें बांधावीं, आणि कुंडांतील पाणी चढवून-उतरवून नौका एका पातळीवरून दुसरीवर न्यावी, अशी ही योजना होती. तिचें काम हेग ह्या लष्करी इंजिनियराकडे होतें.

१८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याचें मुख्य ठाणें झालें. त्याच वर्षीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस मँचेस्टरास मिळेनासा झाला, आणि आपल्या हिंगणघाटी कापसाचें महत्त्व वाढलें. पूर्वीं नागपुराकडील कापूस बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापुरापर्यंत नेत. तेव्हां मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं ह्या जलमार्गाचा कैवार घेतला, यांत नवल नाहीं.

परंतु १८६५ सालीं तें युद्ध संपलें, आणि १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास आली. नदींत नौकेपुरतें पाणी वर्षांतून कांहीं महिनेच असे, आणि त्या निबिड अरण्यांत मजूर तापानें आजारी पडत. अखेर सुमारें सात लक्ष पौंड खर्च झाल्यावर १८७१ सालीं काम सोडून दिलें. १८७७ सालीं एम्प्रेस मिल उघडली आणि कापसाचें सूत नागपुरांतच निघूं लागलें. मग त्या कालव्याची आठवण कोण काढतो ?

असा सोडून दिलेला कालवा पुन्हा जिवंत होऊं शकतो, ह्याचें उदाहरण इंग्लंडांत आहे. स्ट्रॅटफर्डचा दक्षिणेकडील कालवा कायमचा बंद करावा, असा अर्ज तेथील काउंटी कौन्सिलनें १९५८ सालीं केला. तीन वर्षांत त्यांतून कोणी गेलें नाहीं, हें कारण दिलें होतें. तेव्हां एका लहानशा होडीसाठीं भरलेल्या जकातीची तारीखवार पावती पुढें आली, आणि अर्ज फेटाळला गेला. मग स्वयंसेवक, सैनिक व तुरुंगांतील कैदी ह्यांनीं गाळ उपसला, दरवाजे नवे बसविले, आणि १९६४ सालीं कालवा खुला झाला. फावडीं पुष्कळ चाललीं हें खरें, पण त्यांच्या आधीं कागदाचा एक चिटोरा उपयोगीं पडला, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

फावडें धरणाऱ्या हातांची आपल्याकडेही वाण नाहीं. चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याचा तट झाडाझुडपांनीं गिळला होता. २०१७ सालापासून इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनीं तो श्रमदानानें मोकळा केला. प्राणहितेच्या कांठीं मात्र अशा हातांस वाट दाखविणारा कागद आधीं हवा. कुंड कोणतें, नंतरची दुरुस्ती कोणती, पुरानें वाहून आलेला दगड कोणता, हें नकाशावांचून ठरविणें म्हणजे पोथीचीं पानें क्रम न पाहतां शिवणें होय. आणि वेळही थोडा आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यानें वैनगंगा-प्राणहितेचें नांव जलमार्गांच्या यादींत घातलें आहे. सिरोंच्याजवळ मेडीगड्डा येथें २०१९ सालीं नवा प्रचंड बंधारा झाला, आणि २०२३ सालीं त्याचे कांहीं खांब खचले. नदीवर नवीं कामें होत राहणार. त्यांत जुन्या कामाच्या खुणा नकळत पुसल्या जाऊं नयेत.

म्हणून संग्राहक बंधूंस एवढीच विनंती कीं, चांदा व सिरोंचा भागांतील घराण्यांच्या दप्तरांत ठेक्याचे करार, हजेरीपट, नौकेच्या भाड्याच्या चिठ्ठ्या किंवा हातनकाशे आढळल्यास "हें काय, इंग्रजी कामाचें !" म्हणून ते बाजूस सारूं नयेत, त्यांची नक्कल करून ठेवावी. हेगचें व टेंपलचें नांव सरकारी अहवालांनीं राखलें आहे. ज्यांनीं त्या अरण्यांत दगड फोडले, त्यांचीं नांवें राखणारा कागद असलाच तर तो एखाद्या हजेरीपटांतच असणार; आणि तो रद्दींत जाण्यापूर्वीं शोधणें हें आपलें काम आहे.