जाम नदीचे पात्र : गोटमारीचे रिंगण

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पात्रात पळसाचे झाड रोवून वर झेंडा लावतात. पांढुर्ण्याचे लोक तो काढायला धावतात, सावरगावचे राखतात, आणि दोन्हीकडून दगड सुटतात. शेवटी झेंडा चंडीमातेला वाहतात. पळून जाणाऱ्या प्रेमी जोडप्याची दंतकथा आपल्या घरोघरी ठाऊक आहेच.

रोमच्या कोलोसियममध्ये प्रेक्षकांसाठी दगडी पायऱ्या होत्या. इथे काठ आणि घरांच्या गच्च्या. तिथल्या माणसांच्या झुंजी पाचव्या शतकात थांबल्या. इथे प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी दगडच उचलले. झेंड्याची पूजा दगडाविनाही होऊ शकते, असे माझे स्पष्ट मत आहे. जमावबंदी लागू होते, तरी शेकडो जखमी होतात. मृत्यूही झाले आहेत. २०२३ मध्ये सौंसरसह पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून बंदोबस्ताची जबाबदारी नव्या जिल्ह्याकडे आली.