श्रमाचे भांडवल आणि छतावरील गरम पाणी : न्यूयॉर्कमधील एका इमारतीचा इतिहास

प्रास्ताविक : ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. या घटनेचा विचार प्रायः आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अंगाने केला जातो. न्यूयॉर्कमधील गरीब भाडेकरूंना मात्र ती न्हाणीघरातील नळाशी जाणवली. तेथे घर उबदार ठेवणे व गरम पाणी पुरविणे ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी असून त्यासाठीचे बॉयलर बहुधा तेलावर चालत. मालकांनी इमारती वाऱ्यावर सोडण्यास १९६०च्या दशकातच प्रारंभ झाला होता. तेलाच्या भाववाढीने त्यास वेग आला. कर थकले, आगी लागल्या. काही आगी विम्याच्या रकमेसाठी लावलेल्या होत्या.

मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातील ५१९, पूर्व अकरावा रस्ता ही इमारत अशाच आगींत होरपळलेली होती. परिसरात प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती होती. १९७४ च्या सुमारास स्थानिक लोकांच्या एका गटाने सहकारी तत्त्वावर तिचे पुनर्निर्माण हाती घेतले. नगर प्रशासनाचे कर्ज मिळाले. परंतु हप्त्यासाठी रोख रक्कम नसलेल्यांनी स्वतःची अंगमेहनत हाच आपला हिस्सा म्हणून दिला. इंग्रजीत या पद्धतीस ‘स्वेट इक्विटी’ म्हणतात. ‘घामाचे भागभांडवल’ हा शब्द तिला अधिक शोभेल.

सौरतंत्राचा प्रवेश : ‘एनर्जी टास्क फोर्स’ या गटातील तरुण तंत्रज्ञांच्या साहाय्याने रहिवाशांनी प्रथम उष्णता बाहेर जाऊ नये अशी व्यवस्था केली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण गळक्या घरात कोणतेही इंधन पुरत नाही. त्यानंतर १९७६ पर्यंत छतावर सौर संग्राहक बसले. काचेखालील काळ्या धातुपत्र्यावर ऊन शोषले जाते, नळ्यांतील द्रव तापतो व ती उष्णता टाकीतील पाण्यास मिळते. यात अनाकलनीय असे काही नाही. नळजोडणी शिकलेला रहिवासी त्याची देखभाल करू शकतो. शिवाय गरम पाणी बारमाही लागते, त्यामुळे उन्हाळ्यातील भरपूर ऊनही वाया जात नाही.

त्याच वर्षी छतावर दोन किलोवॅटची पवनचक्की उभी राहिली आणि कीर्ती सारी तिच्या वाट्याला गेली. उरलेली वीज शहराच्या जाळ्यात सोडण्यास कॉन एडिसन या वीज कंपनीने विरोध केला. अमेरिकेचे माजी महान्यायवादी रॅम्से क्लार्क यांनी रहिवाशांची बाजू घेतली व अखेर जोडणीस परवानगी मिळाली. लघुउत्पादकांची वीज विकत घेणे कंपन्यांस बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा १९७८ मध्ये झाला.

अभ्यासकांचे लक्ष या संघर्षाकडे वळणे स्वाभाविक होय. परंतु त्यामुळे शेजारच्या संग्राहकांकडे काहीसा अन्याय्य कानाडोळा झाला आहे. विजेला कंपनीच्या तारेची संमती लागली. तापलेले पाणी मात्र छतावरून थेट घरात उतरले. सार्वजनिक जाळ्याशी त्याचा संबंध आला नाही, म्हणून त्याचा खटलाही झाला नाही. त्यास आवश्यक असलेली संमती एकच होती, छताच्या मालकाची. आणि १९७४ नंतर छतावर हक्क सांगणारे व छतावर राबणारे लोक एकच होते. एखाद्या सामान्य भाडेकरूस हेच संग्राहक फुकट मिळाले असते, तरी ते बसविण्यास जागा मिळाली नसती.